ब्रोकोलीच्या शेतात बोललेलं

"वहिनी, माल परस्पर पुण्याच्या बाजारात नेणार म्हणे?" बियाणं देऊन सगळा माल स्वतःच विकत घेणाऱ्या कंपनीचा माणूस खताळ हसत म्हणाला.

रेवती चपापली. हा बेत तिने ब्रोकोली खुरपताना फक्त नवऱ्याला, दिगंबरला सांगितला होता. त्यानेच चुगली केली असं समजून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं.

मग एका दुपारी शेतात एकटीच असताना ती मोठ्याने म्हणाली, "उद्या सगळं पीक उपटून टाकते."

सकाळी खताळ धापा टाकत बांधावर हजर. "वहिनी, उपटू नका!"

रेवतीने गड्ड्यांकडे पाहिलं. कंपनीची रोपंच ऐकत होती. तिने दिगंबरला ओढत पार नदीपलीकडे नेलं.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"हे सांगायला एवढ्या लांब?"

"एवढं तरी आपल्या दोघांतच राहू दे."