पुसता येणारं गोंदण

वच्छलाकाकूंनी खोलीची कडी लावली आणि पदर बाजूला केला. सुट्टीवर आलेल्या पुतणीनं, स्वातीनं, चाचपून पाहिलं. डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ. काखेतही एक हाताला लागली.

"कधीपासून आहे काकू?"

"तुह्या सत्काराच्या आधीपासून. ब्रह्मपुरीच्या डाक्टरनं सांगतलं, चंद्रपूरले जाऊन काढून टाका. मी म्हटलं, नाई. माही पुतनीच याच्यावर शिकून राह्यली."

स्वाती स्तनाच्या कॅन्सरवर संशोधन करायची. मागच्या दिवाळीत, पीएच.डी. झाल्यावर, गावानं शाल-नारळ देऊन तिचा सत्कार केला. माईक हातात आला आणि तिला स्फुरणच चढलं. पेशीतला जनुकांचा धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, हे सांगून कोणाला कळेना. मग तिनं पुढ्यात बसलेल्या काकूंना उभं केलं आणि त्यांच्या हातावरचं हिरवं गोंदण सगळ्यांना दाखवलं. त्या प्रथिनावर असंच गोंदण उमटतं, म्हणाली, आणि झोपलेलं जनुक जागं होतं. गाठीच्या प्रत्येक जातीचं गोंदण वेगळं. "पण हे गोंदण पुसता येतं. आम्ही पुसलं आहे!"

मंडप टाळ्यांनी दणाणला होता.

पुसलं होतं ते काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमधलं. तेही एकाच जातीच्या. एवढं एक वाक्य सांगायचं राहून गेलं. राहून कसलं, टाळ्या थांबतील म्हणून तिनं ते गिळलं होतं.

"आनलं का मंग?" काकूंनी विचारलं.

"काय?"

"पुसाचं औषध. तुहे काका म्हनत, फोन कर पोरीले. मी म्हटलं, कामात असन. तयार झालं का पोरगीच आनून देईन."

स्वातीला मान वर करवेना. शरमेनं तिचे कान तापले. काकूंच्या उघड्या खांद्याकडे पाहायचीसुद्धा आपली लायकी नाही असं तिला वाटलं.

"काकू, थे औषध अजून मानसासाठी नाई. बशीतल्या पेशीवर केलं होतं आमी. तुमची गाठ कोनत्या जातीची, थेही तपासा लागन. मी तवा सांगाले पायजे होतं. चुकलं माहं. उद्याच चंद्रपूरले जाऊ, मी येतो संगं."

काकूंनी पदर घेतला, सावकाश कमरेला खोचला. बाहेरून लटारूकाकांनी विचारलं, "चहा मांडू का?"

"जाऊ उद्या," काकू म्हणाल्या. त्यांनी कडीवर हात ठेवला.

"त्या दिवशी पयली टाळी माहीच होती वं."