मोज्याविरुद्ध गेलेली नयना

होडीशाळेच्या परीक्षेत नयना आपल्या होडीच्या फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठासत होती. हातात शाळेचा शिकवणी हातमोजा घातलेला होता. वर्षभर त्यानेच तिची बोटं धरून तिला हे काम शिकवलं होतं. आज मात्र कापूस सैल असतानाच मोजा तिचा हात पुढच्या फटीकडे ओढू लागला. मोज्याविरुद्ध गेलेली मुलं नापास होतात, असं सगळे म्हणत.

"सोड की गं. मोज्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं," शेजारचा भिकाजी हसला. त्याची होडी केव्हाच तयार झाली होती.

"कळत असेल. पण हिच्यात माणसं बसायची आहेत," नयना म्हणाली. तिने मोजा काढून ठेवला आणि नुसत्या हातांनी ती फट पुन्हा घट्ट ठासली.

परीक्षा घेणाऱ्या तांडेल मास्तरांनी दोन्ही होड्या खाडीत लोटल्या. भिकाजीच्या होडीत पाणी भरलं. नयनाची कोरडी राहिली.

"मास्तर, माझा मोजा बिघडलाय," भिकाजी कुरकुरला.

"बिघडला नाही रे. परीक्षेच्या दिवशी तो मुद्दाम चुकतो."

मास्तरांनी धोतर खोचलं आणि ते नयनाच्या होडीत जाऊन मांडी घालून बसले.

"चल पोरी, पलीकडच्या काठाला सोड मला."