आठवं गाणं

“हलगी आत नको,” योगीराज कानांवरचा हेडफोन काढत म्हणाला. “पत्र्याखाली लय घुमायलीय. धम्मा, तू उंबऱ्याच्या भायेर उभं राहून वाजव. तार पुरती तिथपर्यंत.”

धम्मानंदचं टिपरू हातातच थांबलं.

योगीराजची यात काही चूक नव्हती. परभणीहून माईक आणि मशिनं घेऊन आलेला माणूस. त्याला आवाज कळत होता, या गावचे उंबरे कळत नव्हते.

‘ढेकूळ’ बँडचा हा पहिला अख्खा अल्बम. दोन वर्षं एकेक गाणं मोबाईलवर टाकून पोरांनी थोडी वाहवा आणि भरपूर शिव्या खाल्ल्या होत्या. हे गाणं आहे की म्हैस अडलीय, असंही लोकांनी लिहिलं होतं. आता आठ गाणी एकदमच बाहेर येणार होती. त्यातली सात झाली होती. गायक राजशेखरच्या वडिलांचं, म्हणजे सांबप्पांचं गोदाम दोन दिवस रिकामं मिळालं होतं. भिंतींना गाद्या आणि बारदाना टांगून त्याचा स्टुडिओ केला होता. उद्या सकाळी तिथं हरभऱ्याची पोती लागणार होती आणि योगीराज आजच पाचच्या गाडीनं निघणार होता. आठवं गाणं आज झालं तर झालं, नाही तर अल्बमही गेला. घड्याळात साडेतीन वाजले होते.

आठव्या गाण्याची सुरुवात एकट्या हलगीनं होती. तो ठेका धम्मानंदनंच बसवला होता. त्याचे आजोबा मुंजाजी वाजवायचे तोच. आणि ते वाजवायचे ते याच उंबऱ्याबाहेर.

तेव्हा या जागेत सांबप्पांच्या वडिलांची पेढी होती. लग्न असो की लक्ष्मीपूजन, मुंजाजीनं बाहेर अनवाणी उभं राहायचं आणि आतून ‘बस’ म्हणेपर्यंत हात थांबवायचा नाही. पन्नास वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी मधेच हात थांबवला, हलगी काखेत मारली आणि घर गाठलं. पुढं सात महिने गावात कोणी त्यांना मीठसुद्धा दिलं नाही. आजी कमलबाई ताडकळसच्या बाजारातून चालत सामान आणायची. मुंजाजी काही बधले नाहीत. आपल्या घरातलं कोणी पुन्हा कोणाच्या दाराबाहेर उभं राहून वाजवणार नाही, एवढं सांगून ते गेले.

धम्मानंदनं ड्रम घरी आणले तेव्हा कमलबाईनं एकच विचारलं होतं, “हे बसून वाजवत्यात ना?”

“होय, आजी.”

“मग वाजव.”

“मी भायेर जानार न्हाई,” धम्मानंद आता योगीराजला म्हणाला.

“अरे, दोन मिन्टाचं काम हाय,” गिटार गळ्यात घालून बसलेला वैभव वैतागला.

धम्मानंदनं राजशेखरकडे पाहिलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आत बसणाऱ्यांच्या घरात असल्या गोष्टी कोणी सांगत नाही. त्याचा दोष नाही हे कळत असूनही धम्मानंदला त्याचा संताप आला.

“राजा, तू जा,” तो म्हणाला. “तुला ठेका पाठ हाय. मी आत बसतो.”

राजशेखर निमूट हलगी उचलून बाहेर गेला. चपलांचा आवाज माईकात येतो म्हणून सगळेच अनवाणी होते. बाहेर एप्रिलचं ऊन होतं आणि उंबऱ्यापुढं काळी फरशी.

ठेका पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही चुकला.

“पुन्ना,” धम्मानंद आतून म्हणाला.

राजशेखर एकदा हा पाय उचलायचा, एकदा तो. ठेका लंगडायचा. समोरच्या पिठाच्या गिरणीवर माणसं जमली होती. धम्मानंदला वाटलं होतं, बरं वाटेल. तसं काही वाटत नव्हतं. तरी तो म्हणत राहिला, “पुन्ना.”

सहाव्यांदा हलगी मधेच थांबली.

बाहेर सांबप्पा उभे होते. कपाळावर भस्म, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, हातात दुकानाच्या किल्ल्या. आपला मुलगा आपल्याच दाराबाहेर गळ्यात हलगी अडकवून उभा आहे, हे ते बघत होते.

“तुला हितं कोनी उभं केलं?”

राजशेखर खाली बघत राहिला. सांबप्पांनी एक शब्द काढला की गोदामाला कुलूप लागणार, आणि दोन वर्षांची मेहनत पोत्यांखाली जाणार. गप्प बसणं सोपं होतं. धम्मानंद उठून उंबऱ्यापाशी आला.

“मी,” तो म्हणाला. “मुंजाजीचा नातू.”

सांबप्पांनी त्याला नीट न्याहाळलं. मग त्यांची नजर मुलाच्या पायांवर गेली. त्यांनी आपल्या चपला काढल्या, वाकून त्या राजशेखरपुढं ठेवल्या आणि स्वतः फरशीवर उभे राहिले.

“घाल,” ते म्हणाले. “पाय भाजत्यात हितं.”

मग धम्मानंदकडे बघत हळूच म्हणाले, “तुज्या आज्याचे बी भाजायचे. मी आतून बगायचो.”

मशीनवरचा लाल दिवा अजून जळत होता. योगीराजनं बिचकत बटणाकडे हात नेला.

“हे बी सगळं आत आलंय,” तो म्हणाला. “पुसून टाकू?”

सांबप्पा अजून फरशीवरच उभे होते. धम्मानंद परत आत जाऊन ड्रमपाशी बसला. त्यानं काड्या उचलल्या.

“राहू दे,” तो म्हणाला. “गानं तितूनच सुरू हुईल.”