नकाशातली टेकडी

"वन्सं, माझ्या रानात टेकडी आहे म्हणे! दाखवा बघू. चढते जरा, वारं खाते."

वहिनीनं मातीचे नकाशे करणाऱ्या नणंदेला टोमणा मारला. बांधावर उभी राहून तिनं चहूकडे पाहिलं. जमीन तळहातासारखी सपाट. मधोमध तेवढी दादानं लावलेली झाडं, दाट आणि उंच. दादा गेल्यापासून वहिनी एकटीच हे रान सांभाळत होती.

जागोजाग खड्डे खणून माती तपासणं नणंदेच्या सरकारी खात्याला परवडेना. म्हणून तिनं उपग्रहानं मोजलेल्या उंचीवरून चढ-उतार काढले. उंचावरची माती वाहून जाते, खोलगटात साचते. एवढं धरून नकाशा केला आणि खड्डे मोजक्याच ठिकाणी घेतले. साहेब खूश. फक्त वहिनीचं रान निघालं टेकडीवर. टेकडी म्हणजे मातीचा थर पातळ, आणि खात्याच्या नियमानं पातळ थराच्या रानाला कालव्याचं पाणी नाही.

"घरच्यांना झुकतं माप दिलं म्हणतील, म्हणून इथं खड्डा घेतला नाहीत ना?"

"हो," नणंद म्हणाली. तिला लाज वाटली.

गाडीतून माती काढायचं लांब गिरमिट आणून ती झाडांमध्ये शिरली आणि ते जमिनीत फिरवू लागली. गिरमिट मुठीपर्यंत आत गेलं, तरी दगड लागला नाही. वर आली ती काळी, ओली माती. तिनं मान वर करून शेंड्यांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! वहिनी, उपग्रहानं शेंडे मोजले. त्याला वाटलं, जमीनच एवढी वर आलीय."

"म्हणजे तुमच्यासारखाच शहाणा!" वहिनी हसली. मग हसू आवरून म्हणाली, "पाणी मिळेल ना पण?"

"मिळेल. आजच दुरुस्त करते. झाडांची उंची वजा केली, की टेकडी गेली."

"पुसूनच टाकणार?"

"टाकायलाच हवी."

वहिनीनं एका बुंध्यावर हात ठेवला. "लावली तेव्हा हातभर काड्या होत्या. जगतात की नाही, म्हणून तुमच्या दादाला झोप लागायची नाही."

तिची नजर बुंध्यावरून वर शेंड्यापर्यंत गेली.

"पुसा," ती म्हणाली. "पण तो चुकलेला नकाशा फेकू नका. मला द्या."