पाण्याची गोळी

"नऊ हजार सहाशे!" मास्तरीणबाईंनी रिपोर्ट नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "मागच्या वेळी तीन हजार नऊशे होते. अहो, बघा तरी!"

नवरा कुठला बघतोय! दवाखान्याच्या बाकावर तो पुढे वाकून, हात गुडघ्यांवर टेकून एकेक श्वास गोळा करत होता. पाय इतके सुजले होते की चप्पल चढेना; ती पिशवीत घालून आणली होती. पण आकडा वाढला होता, आणि तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंना वाढलेले मार्क कधी वाईट वाटले नव्हते.

चूक झाली ती दीड महिन्यापूर्वी, याच दारामागे. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, की ताण सोसेनासा झाला की हृदय स्वतःच एक हार्मोन रक्तात सोडतं. ते मूत्रपिंडांना म्हणतं, जास्तीचं पाणी बाहेर काढा. रक्तवाहिन्यांना म्हणतं, जरा सैल व्हा. हृदयाचं घरचंच औषध म्हणा ना. तपासणीत तेच मोजतात. बाईंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आकडा खाली आला पाहिजे, हे पुढचं वाक्य मात्र लिहिण्याच्या नादात ऐकायचं राहून गेलं.

मग दुसऱ्या तपासणीत आकडा दुप्पट होऊन तीन हजार नऊशे झाला. डॉक्टरीणबाई रजेवर होत्या, विचारायचं कुणाला? बाईंच्या जिवात जीव आला. घरचं औषध एवढं तयार होतंय, तर अंगातलं पाणी काढणारी ती मेली पाण्याची गोळी कशाला? तिच्यापायी माणूस दहा वेळा लघवीला उठायचा, पोटऱ्यांत गोळे येऊन विव्हळायचा. बाईंनी ती गोळी त्याच्या डबीतून गुपचूप काढायला सुरुवात केली. त्याला आज पंधरा दिवस झाले.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, पाय दाबून पाहिले. बोट उचललं तरी खड्डा तसाच राहिला.

"बराच वाढलाय ना?" बाई कौतुकानं म्हणाल्या.

"काकू, ही हृदयाची बोंब आहे. ते जेवढं गुदमरतं, तेवढं जास्त सोडतं. आणि आता शरीर त्याला दाद देईनासं झालंय." त्यांनी मान वर केली. "पाण्याची गोळी चालू आहे ना?"

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली.

"मीच टाकून देत होतो," नवरा म्हणाला. "सारखं उठायचा कंटाळा. दुसरं काय!"

"काका, लहान आहात का तुम्ही?" डॉक्टरीणबाई चिडल्या, खूप बोलल्या. त्यानं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज खाली आला. "मूत्रपिंडंही थकलीत. आता लगेच दाखल करू, शिरेतून औषध देऊन बघू. पण काकू, मुलांना बोलावून घ्या."

वॉर्डात न्यायला चाकाची खुर्ची यायची होती. तोवर दोघं पुन्हा त्याच बाकावर बसली. आपण आपल्या हातानं या माणसाचं काय करून बसलो, हे त्यांच्या डोक्यातून हलत नव्हतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. उभा जन्म पाणी उपसायच्या पंपावर गेला माझा. पाणी तुंबलेलं कळायला मला रिपोर्ट लागतो होय?"

"मग बोलला का नाहीत?" बाईंना हुंदका आवरेना. "अहो, एक शब्द! मला शिव्या घालायच्या होत्या, डबी तोंडावर फेकायची होती!"

त्यानं श्वास जमवला. तो पुरेना, म्हणून आणखी एक जमवला.

"गोळ्या भरताना तू गुणगुणत होतीस," तो म्हणाला. "मी आजारी पडल्यापासून, वर्षभरानं पहिल्यांदा. कसं बोलणार?"