दुपारचा थेंब

घटस्फोटाच्या निकालाची शाई वाळायच्या आतच घड्याळजीने कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर आईच्या डोळ्यात औषध घालायला घेतलं. पहिला थेंब तिच्या नाकावर पडला.

एरवी तिळाएवढा स्क्रू चिमट्याने अचूक बसवणारा हा माणूस. पण घड्याळाला पापण्या नसतात. दुसरा थेंब गालावर गेला. म्हातारीला काचबिंदू होता. औषधाची वेळ चुकली तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आजवर सुनेने ती कधी चुकू दिली नव्हती, नवऱ्याशी अबोला होता तेव्हाही.

सून, म्हणजे सकाळपर्यंतची सून, जिन्यापाशी वकीलबाईंबरोबर उभी होती.

"सुटलात एकदाच्या," वकीलबाई म्हणाल्या. "आता त्या घराचं तुम्ही काही देणं लागत नाही."

"हो," ती म्हणाली, पण लक्ष बाकाकडे होतं. तिसरा थेंब कानाकडे ओघळला तशी ती तरातरा गेली आणि घड्याळजीच्या हातातून बाटली काढून घेतली.

"राहू दे गं," सासू म्हणाली. "आता तुझ्यावर कशाला भार?"

"वर बघा, आई. छताकडे."

थेंब बरोबर पडला. सासूने डोळा मिटला. औषध डोळ्यातच मुरावं म्हणून सुनेने नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. तिकडे वकीलबाई ताटकळत होत्या, तरी बोट काही निघेना. तिला एकाएकी फार वाईट वाटलं. नवऱ्यापासून सुटायचं होतं, सुटली. या म्हातारीपासून कुठे सुटायचं होतं?

"इकडे या," ती घड्याळजीला म्हणाली. त्याचं बोट धरून तिने आपल्या बोटाच्या जागी ठेवलं. "दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. रात्री तुम्हालाच घालायचंय."

त्याने मान हलवली. त्याला लाज वाटत होती, आणि ती लपवायचं त्याला सुचलंही नाही.

"हे बोट तुझं नव्हे," सासू मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली. "गेलीस का गं?"

"इथंच आहे," सून म्हणाली, आणि तिने मनगटाने स्वतःचे डोळे पुसले. "एवढ्यात उघडू नका."