कोटाचं बटण

बाबा जाऊन आठवडा झाला होता. चर्चचे पाळक भेटायला आले आणि बाबांच्या शिवणयंत्राजवळच्या स्टुलावर बसले. मुलीला मात्र बसवत नव्हतं. ती यंत्राच्या खणापर्यंत जायची आणि हात मागे घ्यायची.

"मनाला लावून घेऊ नकोस बेटा," पाळक म्हणाले, "पण तुझ्या बाबांचा विश्वासच तोकडा. नाहीतर देवाने त्यांना जन्मभर लोकांच्या पँटी आखूड करत बसवलं असतं का? माझंच बघ. भर उपासनेत गुडघे टेकून कोट मागितला, आणि पंधरा दिवसांत हा दाराला अडकवलेला! कोणी ठेवला, आजवर पत्ता नाही. विश्वास असला की देव असा भरभरून देतो."

बोलता बोलता त्यांनी कोटावरून हात फिरवला आणि ते चपापले. "अरेरे, एक बटण पडलं वाटतं. आता असलं बटण कुठे मिळायचं?"

तिने शेवटी खण उघडला आणि एक कागदी पुडी बाहेर काढली.

"द्या तो कोट इकडे," ती म्हणाली. "बाबा स्वतः शिवलेल्या प्रत्येक कोटाचं एक जादा बटण जपून ठेवायचे."